शॉर्ट झाला तरी न उडणारा ट्रान्झिस्टर पॉवर सप्लाय: फोल्डबॅक की साधी करंट लिमिट?

खडूफळा

नमस्कार मंडळी. मी तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. शाळा सुटल्यावर आठवी ते दहावीच्या मुलांचा इलेक्ट्रॉनिक्सचा छंदवर्ग चालतो. त्यासाठी १२ व्होल्टचे पॉवर सप्लाय मुलांकडूनच बनवून घेतले आहेत. १५ व्होल्ट १ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज, ४७०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर, ४७० ओहममधून १३ व्होल्टचा झेनर (व्होल्टेज स्थिर धरणारा डायोड), आणि पुढे एसएल१०० व २एन३०५५ या ट्रान्झिस्टरांची डार्लिंग्टन जोडी, म्हणजे छोटा एसएल१०० मोठ्या २एन३०५५ला चालवतो. आउटपुट ११.७ व्होल्ट मिळते, आम्हाला तेवढे पुरते.

अडचण एकच. मुले म्हटल्यावर लाल-काळी वायर एकमेकींना टेकणारच. टेकली आणि पटकन लक्षात आले नाही की २एन३०५५ जातो. प्रायमरीला १ अँपिअरचा फ्यूज आहे, तो मात्र शाबूत. ट्रान्झिस्टर गेल्यावर आउटपुटला थेट २१ व्होल्ट येतात आणि पुढे लावलेले सर्किटही जाते, याचा मुलांना जास्त त्रास होतो. दोन आठवडे खपून केलेले काम असते ते.

शॉर्ट सर्किट प्रोटेक्शन घालायचे आहे. वाचनात दोन प्रकार आले, साधी करंट लिमिट (करंट एका मर्यादेवर थांबतो) आणि फोल्डबॅक (आउटपुट पडले की ती मर्यादाही खाली येते). शाळेसाठी कोणता घ्यावा? आमचे भार म्हणजे १२ व्होल्टचे छोटे दिवे, खेळण्यातल्या मोटारी, रिले आणि मुलांची ट्रान्झिस्टरची सर्किटे.

तांब्याची_तार

७८१२ हा १२ व्होल्टचा तयार रेग्युलेटर आयसी लावा, विषय संपवा. आत करंट लिमिट आहे, गरम झाला तर स्वतःच बंद होतो. वीसेक रुपयांत काम.

रोहिणी_खरे

वाचतेय. आमच्या डिप्लोमाच्या लॅबलाही हाच प्रश्न आहे.

अण्णा_मिडियमवेव्ह

मॅडम, आधी तुमचा फ्यूज का उडत नाही ते सांगतो. ट्रान्सफॉर्मर २३० ला १५, म्हणजे साधारण पंधरास एक. शॉर्ट झाल्यावर सेकंडरीतून ५ अँपिअर ओढले गेले तरी प्रायमरीला जेमतेम पाव ते अर्धा अँपिअर वाढतो. १ अँपिअरच्या फ्यूजला त्याची दखलही नसते. इकडे ट्रान्झिस्टरवर ५ अँपिअर गुणिले दहा व्होल्ट धरले तरी ५० वॅट. लहान हीटसिंकवर तो मिनिटभर तग धरेल, फार तर.

फ्यूज सेकंडरीला टाकलात तरी ट्रान्झिस्टर वाचेलच याची खात्री नाही. फ्यूजची तार वितळायला वेळ लागतो. आमचे जुने सर म्हणायचे, ट्रान्झिस्टर स्वतः जळून फ्यूजचे रक्षण करतो! फ्यूज आग लागू नये म्हणून असतो, सेमीकंडक्टर वाचावा म्हणून नाही. तरी प्रायमरीला २५० मिलिअँपिअरचा स्लो-ब्लो टाका. तो तिथेच शोभतो.

सिग्नल_जनरेटर

अण्णांशी सहमत. फोल्डबॅकच करा. साध्या लिमिटमध्ये शॉर्ट झाल्यावरही पूर्ण १ अँपिअर वाहत राहतो आणि कच्चे (रेग्युलेट न झालेले) १८ व्होल्ट सगळे ट्रान्झिस्टरवर पडतात. म्हणजे १७-१८ वॅट, तेही कुणाचे लक्ष जाईपर्यंत. नेहमीच्या भाराला ६ वॅट होते, शॉर्टला तिप्पट. फोल्डबॅकमध्ये व्होल्टेज पडले की लिमिटही खाली येते.

करणे सोपे आहे. २एन३०५५च्या एमिटरला १.८ ओहम, त्याच्या पलीकडे आउटपुट. बीसी५४७ या छोट्या ट्रान्झिस्टरचा एमिटर आउटपुटला, कलेक्टर एसएल१००च्या बेसला. त्याचा बेस थेट १.८ ओहमच्या वरच्या टोकाला न देता तिथून ग्राउंडपर्यंत ८२ ओहम आणि १ किलोओहम असा डिव्हायडर लावा आणि मधून बेस घ्या. १२ व्होल्टला साधारण ०.९४ अँपिअरपर्यंत देईल आणि पूर्ण शॉर्टला ०.३९ वर येईल. शॉर्टची उष्णता सात वॅटच्या आत.

निशिगंध७

सिग्नलराव, आकडेमोड बरोबर आहे, पण दोन गोष्टी सुटल्या.

एक, फोल्डबॅकमध्ये सगळ्यात जास्त उष्णता पूर्ण शॉर्टला होत नाही. तुमचेच आकडे घेऊन पाहा. आउटपुट ४-५ व्होल्टवर अडकले असेल, म्हणजे अर्धवट शॉर्ट असेल, तेव्हा करंट ०.६ अँपिअर आणि ट्रान्झिस्टरवर तेरा व्होल्ट. आठ वॅटच्या आसपास जाते. हीटसिंक त्या हिशेबाने घ्यावा लागतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मॅडमचे सर्किट साधा एमिटर फॉलोअर आहे, आउटपुट तपासून ते सुधारणारा एरर ॲम्प्लिफायर त्यात नाही. तो १.८ ओहम फीडबॅकच्या बाहेर राहतो. ०.९ अँपिअर घेतला की दीड व्होल्टच्या वर तिथेच पडणार आणि आउटपुट १० व्होल्टवर येणार. फोल्डबॅक हवाच असेल तर आधी आउटपुटवरून सेन्स करणारा एक ट्रान्झिस्टर वाढवा. नाहीतर रेग्युलेटर म्हणायचे कशाला?

सिग्नल_जनरेटर

हो, मी एरर ॲम्प धरूनच चाललो होतो. शाळेसाठी तो घालायला काय हरकत आहे? एक बीसी५४७ आणि दोन रेझिस्टर.

तांब्याची_तार

म्हणून म्हटले, ७८१२.

खडूफळा

तांब्याची_तार, ७८१२चा विचार केला होता. पण मुलांना प्रत्येक भाग काय करतो ते बोट ठेवून दाखवता आले पाहिजे. काळ्या चौकोनात काय चालले आहे ते दहावीच्या मुलाला दिसत नाही. बीसी५४७चा बेस-एमिटर ०.६५ व्होल्टला उघडतो, हे मल्टिमीटर लावून दाखवता येते. तेवढ्यासाठी हा सगळा खटाटोप आहे.

सर्किटकट्टा

हा प्रतिसाद खूप आवडला ताई. शाळेत असे शिक्षक मिळाले असते तर आम्ही कुठल्या कुठे असतो.

अण्णा_मिडियमवेव्ह

बरोबर बोललात मॅडम. आयसीच्या आतसुद्धा हेच आहे, फक्त डोळ्यांना दिसत नाही. फेअरचाइल्ड कंपनीने १९६७च्या सुमारास µA७२३ हा रेग्युलेटर आयसी काढला. त्यात करंट लिमिटचा ट्रान्झिस्टर वेगळ्या पिनांवर बाहेर काढलेला आहे. आपण बाहेर एक रेझिस्टर लावायचा, त्यावर ०.६५ व्होल्ट पडले की आतला ट्रान्झिस्टर ड्राइव्ह काढून घेतो. तुमचा बीसी५४७ करणार तेच काम. मुले पुढे ७२३ हातात घेतील तेव्हा ओळखीचा चेहरा दिसेल.

थोडे अवांतर. आमच्या काळी सेन्स ट्रान्झिस्टर म्हणून जर्मेनियमचा एसी१२८ लावणारे लोक होते. तो ०.२ व्होल्टलाच उघडतो, त्यामुळे सेन्स रेझिस्टर लहान चालतो आणि आउटपुट फारसे खाली येत नाही. पण एप्रिल-मेमध्ये त्याची लिमिट कुठल्या कुठे सरकायची. सिलिकॉनच बरा.

भजनीमंडळ_ॲम्प

एसएल१०० अजून मिळतो का? बेलचे (भारत इलेक्ट्रॉनिक्सचे) गोल धातूचे टोपीवाले होते ते. लॅमिंग्टन रोडला मागच्या वेळी दुकानदाराने दुसऱ्याच छापाचे दिले, आणि किंमत अशी की डोळे पांढरे झाले.

निशिगंध७

बीडी१३९ वापरा, सगळीकडे मिळतो. फक्त पिनांचा क्रम वेगळा आहे, छापलेली बाजू समोर धरली की डावीकडून एमिटर, कलेक्टर, बेस. आणि मागची धातूची पट्टी कलेक्टरला जोडलेली असते, ती कशाला टेकू देऊ नका.

रोहिणी_खरे

टेकण्यावरून आठवले. २एन३०५५ची संपूर्ण टोपी म्हणजे कलेक्टर. या सर्किटमध्ये त्यावर कच्चे २० व्होल्ट असतात. अभ्रकाचा वॉशर न लावता हीटसिंकवर बसवला आणि हीटसिंक पत्र्याच्या डब्याला लागला की शॉर्ट थेट कंडेन्सरवर. मग आउटपुटच्या प्रोटेक्शनचा काही उपयोग नाही. आमच्या लॅबमध्ये स्क्रूभोवतीच्या प्लॅस्टिक नळ्या हमखास हरवतात. बसवल्यावर मल्टिमीटर बझरवर ठेवून टोपी आणि हीटसिंक तपासायचेच, वीज देण्याआधी.

पासोड्या_विठोबा

खोटे २एन३०५५ हा वेगळाच ताप आहे. पुण्याच्या तपकीर गल्लीत स्वस्तात घेतलेला एक कापून पाहिला. टोपी ऐसपैस आणि आत चिप केवढी, तर तांदळाच्या कणीएवढी. मूळ ट्रान्झिस्टर ११५ वॅटचा, आतली चिप बऱ्यापैकी मोठी असते. अशा नकली मालावर कसले प्रोटेक्शन टिकणार! ताई, तुमचे ट्रान्झिस्टर लगेच जात असतील तर एक कापून बघा. हॅक्सॉने कडेने कापली की टोपी निघते.

सर्किटकट्टा

+१. आणि मुलांना आतली चिप दाखवा. तो तास कुणी विसरणार नाही.

भजनीमंडळ_ॲम्प

पण मूळ प्रश्न राहिलाच की. फोल्डबॅक की साधी लिमिट?

मोटारवाइंडिंग

साधी लिमिट. मॅडमनी भार काय लिहिलेत ते कुणी नीट वाचले नाही बहुतेक. दिवे आणि मोटारी.

थांबलेल्या मोटारीला बॅक ईएमएफ (फिरताना तिच्यात तयार होणारे उलटे व्होल्टेज) नसतो, ती सप्लायला जवळजवळ शॉर्टसारखीच दिसते. फोल्डबॅक लगेच ०.३९ अँपिअरवर येऊन बसणार. मोटारीला दांडा आणि चाक जोडलेले आहे, हलायला ०.६ अँपिअर लागतात, तर ती जागची हलणारच नाही. हलली नाही म्हणजे व्होल्टेज वाढणार नाही, व्होल्टेज वाढले नाही म्हणजे करंट वाढणार नाही. सप्लाय चांगला, मोटार चांगली, आणि मूल तासभर सोल्डरिंग तपासत बसणार. बोटाने चाक फिरवले की अचानक चालू! मग त्याला वाटणार सर्किट भुताने झपाटले आहे.

दिव्याचेही थोडेफार तसेच. थंड फिलॅमेंटचा रेझिस्टन्स पेटलेल्याच्या साधारण दहावा हिस्सा असतो. फोल्डबॅक फार कडक ठेवला, म्हणजे शॉर्टला ०.२ वगैरे, तर १० वॅटचा दिवा अर्धवट लाल होऊन तिथेच अडकू शकतो.

सिग्नल_जनरेटर

मोटारीचा मुद्दा मान्य. नुसता रेझिस्टर असता तर असे अडकले नसते. ऑप-ॲम्पच्या दुहेरी सप्लायलाही हाच त्रास होतो. एक बाजू आधी उठते आणि दुसरीला ग्राउंडच्या पलीकडे ओढून ठेवते, मग ती फोल्डबॅकमधून बाहेरच येत नाही. आउटपुटला उलटे डायोड लावून सोडवतात. पण १७ वॅट उष्णतेचे काय करणार? ते तर तुम्ही सोडवले नाहीत.

मोटारवाइंडिंग

१ अँपिअर कशाला हवा? मुलांच्या सर्किटांना अर्धा अँपिअर पुष्कळ. सेन्स रेझिस्टर १.२ ओहम घ्या. ०.६५ भागिले १.२ म्हणजे ०.५४ अँपिअर. शॉर्टला कच्चे १९ व्होल्ट धरले तर ट्रान्झिस्टरवर दहा वॅट. ३ डिग्री प्रति वॅटचा हीटसिंक असेल तर तो तीस डिग्री वर चढेल. बाहेर ४२ असले तरी हीटसिंक ७२ वर आणि आतली चिप नव्वदीच्या घरात. २एन३०५५ला दोनशेपर्यंत मुभा आहे. दिवसभर शॉर्ट राहिला तरी काही होणार नाही. आणि फॉलोअरमध्ये जास्तीत जास्त ०.६५ व्होल्टच पडतात, एरर ॲम्पची गरज नाही.

ट्रान्सफॉर्मरही त्याच्या रेटिंगच्या आत राहतो. ब्रिज आणि कंडेन्सर असले की १ अँपिअरच्या सेकंडरीतून सतत १ अँपिअर डीसी काढणे तसेही बरे नव्हे.

निशिगंध७

हेच योग्य. शाळेसाठी फोल्डबॅकचा आग्रह सोडा सिग्नलराव :)

सिग्नल_जनरेटर

सोडला. पण मोठ्या सप्लायला, ५ अँपिअर वगैरे, मी फोल्डबॅकच लावणार. तिथे शॉर्टला शंभर वॅट होतात आणि एवढा हीटसिंक परवडत नाही.

रोहिणी_खरे

ते पटते. मी मॅडमच्या सर्किटचा शॉर्टमधला हिशेब कागदावर मांडला आणि एक जागा सापडली, जिच्याबद्दल इथे कुणी बोलले नाही. झेनरचा ४७० ओहम.

नेहमी त्याच्यावर कच्चे १९ वजा १३ म्हणजे ६ व्होल्ट. ०.०८ वॅटही नाही, पाव वॅटचा मजेत चालतो. आता आउटपुट शॉर्ट करा. एसएल१००चा बेस दोन व्होल्टवर येतो, कारण त्याच्याखाली दोन जंक्शन आणि सेन्स रेझिस्टर एवढेच उरते. ४७० वर आता १७ व्होल्ट. १७ गुणिले १७ भागिले ४७०, ०.६ वॅट! पाव वॅटचा रेझिस्टर तपकिरी होऊन धूर सोडणार आणि मुले म्हणणार, प्रोटेक्शन लावूनही जळलेच. तो १ वॅटचा घ्या. हे ३६ मिलिअँपिअर सगळे बीसी५४७च्या कलेक्टरमधून जातात. त्याला १०० पर्यंत चालतात आणि त्याच्यावर व्होल्टेज दोनच, त्यामुळे तो सुखरूप राहतो.

सेन्स रेझिस्टरमध्ये ०.३५ वॅट. तिथे २ वॅटचा पांढरा सिमेंटवाला लावा.

अण्णा_मिडियमवेव्ह

वा रोहिणीताई! दुरुस्तीला आलेल्या सप्लायमध्ये हा काळवंडलेला रेझिस्टर इतकी वर्षे बघतोय. बरेच जण तो बदलतात, पण परत पाव वॅटचाच घालतात.

माझ्याकडून दोन गोष्टींची भर. बीसी५४७च्या बेसला सरळ वायर न देता १०० ओहम मालिकेत द्या. शॉर्ट होण्याच्या क्षणी जो झटका येतो तो बेसवर थेट जात नाही. आणि आउटपुटचा कंडेन्सर १०० मायक्रोफॅरडच्या वर नको. त्यात साठलेला चार्ज लिमिटच्या पुढे असतो, लिमिट त्याला अडवू शकत नाही. मोठा कंडेन्सर असला की वायर टेकवल्यावर चट्कन ठिणगी पडते आणि मुले ती मुद्दाम पाडत बसतात.

मडगांवचो_पाव

आमच्याकडे पावसाळ्यात टीओ-३च्या (२एन३०५५च्या टोपीच्या आकाराच्या) सॉकेटला हिरवा गंज चढतो आणि कॉन्टॅक्ट जातो. सॉकेट न वापरता पायांना थेट वायर सोल्डर करा. समुद्राकाठच्या शाळांनी तरी नक्कीच.

तांब्याची_तार

मान्य, ७८१२चा हट्ट सोडतो. मात्र ट्रान्झिस्टर तरीही शॉर्ट झालाच, नकली निघाला म्हणा, तर २१ व्होल्ट पुढे जाणारच ना? मॅडमची मूळ तक्रार तीच होती. मुलांची सर्किटे जळणे.

निशिगंध७

चांगला मुद्दा. करंट लिमिट भारापासून ट्रान्झिस्टरला वाचवते. ट्रान्झिस्टरपासून भाराला वाचवायचे काम क्रोबारचे. आउटपुटला एक एससीआर (गेटला इशारा मिळाला की चालू होऊन तसाच राहणारा स्विच) आडवा, बीटी१५१ चालेल, आणि गेटला १५ व्होल्टचा झेनर. गेट आणि कॅथोडमध्ये एक किलोओहम, नाहीतर बारीकसारीक गडबडीला उगाच उडेल. आउटपुट सोळाच्या वर गेले की एससीआर दोन्ही टोके घट्ट शॉर्ट करतो. फ्यूज मात्र ब्रिज आणि कंडेन्सरच्या पुढे, कलेक्टरच्या वाटेत हवा, दीड अँपिअरचा. इथे फ्यूज खरोखर उपयोगी पडतो. ट्रान्झिस्टर आधीच गेलेला असतो, त्यामुळे फ्यूजला घाई नाही, आणि तोवर भार एससीआरने वाचवलेला असतो.

खडूफळा

सगळ्यांचे मनापासून आभार. मुलांना सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. रोहिणीताईंचा ४७०चा हिशेब दहावीच्या मुलींनी फळ्यावर स्वतः करून पाहिला.

एक सप्लाय बदलला. सेन्स १.२ ओहम, बीसी५४७, बेसला १०० ओहम, ४७० ओहम १ वॅट, प्रायमरीला २५० मिलिअँपिअर. क्रोबारचे सामान मागवले आहे. आउटपुटला एक हिरवा एलईडी लावला, शॉर्ट झाला की तो विझतो, म्हणजे मुलांना लगेच कळते. मग मल्टिमीटर १० अँपिअरच्या रेंजवर ठेवून थेट आउटपुटवर लावला. सुरुवातीला ०.५३ अँपिअर दाखवला. तसाच सोडून दिला, हीटसिंक चांगला तापला, आणि करंट हळूहळू उतरत ०.४८ वर स्थिर झाला. काहीही जळले नाही. हा करंट उतरला कशामुळे? मुलांनी विचारले आहे आणि मला त्यांना नीट सांगायचे आहे.

मोटारवाइंडिंग

बीसी५४७ हीटसिंकच्या जवळ आहे का?

खडूफळा

हो, अगदी शेजारी. त्याच पट्टीवर सोल्डर केलाय.

मोटारवाइंडिंग

मग उत्तर मिळाले. सिलिकॉनचा बेस-एमिटर व्होल्टेज दर डिग्रीला सुमारे २ मिलिव्होल्टने घटतो. बीसी५४७ पस्तीस डिग्रीने तापला तर ७० मिलिव्होल्ट कमी, म्हणजे ०.६४ चा ०.५७. भागिले १.२ करा, ०.४८ येतो. तुमच्या मीटरने बरोबर तेच दाखवले. मुलांना सोल्डरिंग आयर्न बीसी५४७च्या जवळ, न टेकवता, धरून करंट उतरताना दाखवा.

निशिगंध७

त्याला हीटसिंकपासून लांब हलवा, लिमिट स्थिर राहील.

अण्णा_मिडियमवेव्ह

अजिबात हलवू नका मॅडम. ट्रान्झिस्टर तापला की लिमिट आपोआप खाली येते, हे फुकट मिळालेले संरक्षण आहे. शाळेच्या सप्लायला ०.५३ की ०.४८ याने काही अडत नाही. उलट बीसी५४७ची चपटी बाजू पेस्ट लावून हीटसिंकला चिकटवा.

निशिगंध७

मोजमापाच्या बेंचला मी लांबच ठेवेन, पण शाळेसाठी अण्णांचे बरोबर. फक्त चिकटवताना त्याचे पाय २एन३०५५च्या टोपीला लागणार नाहीत एवढे बघा, तिथे २० व्होल्ट आहेत.